लॅक्टिक आम्ल बनवू न शकणारा स्नायू : १९५१ सालचं एक प्रकरण

ब्रायन मॅकआर्डल हे लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले डॉक्टर. १९५१ साली त्यांनी 'क्लिनिकल सायन्स' या नियतकालिकात एकाच रुग्णावर सविस्तर लेख लिहिला. रुग्ण ३० वर्षांचा पुरुष. त्याची तक्रार सांगायला सोपी आणि पटवून द्यायला अवघड होती. अंगातल्या कुठल्याही स्नायूला थोडं काम पडलं की तो दुखू लागे. तसंच रेटत राहिलं तर त्यातली ताकद जाई आणि तो आखडून बसे. थांबलं की दुखणं ओसरे. लहानपणापासून हे असंच चाललेलं.

अशा माणसाला बसल्या जागी तपासलं तर हाती फारसं काही लागत नाही. स्नायू भरलेले असतात, ताकद ठीक असते, हृदय आणि फुप्फुसं ठणठणीत असतात. डॉक्टरांपुढे निरोगी आणि जिन्यावर आजारी, अशी त्याची गत होते. पुढे 'मॅकआर्डल आजार' म्हणून ओळखल्या गेलेल्या या आजाराच्या कित्येक रुग्णांना निदान मिळेपर्यंत वर्षानुवर्षं जातात आणि तोवर आळशी, नाटकी, 'मनाचं दुखणं' अशी विशेषणं चिकटून गेलेली असतात. आपल्याकडे उठाबशांची शिक्षा भोगताना मांड्या आखडून खाली बसलेल्या पोराला मास्तर काय म्हणाले असते, हे वेगळं सांगायला नको. मॅकआर्डल यांनी मात्र त्या तरुणाचं म्हणणं खरं धरलं आणि त्याच्या स्नायूंना ऊर्जा नेमकी कुठे कमी पडते याचा माग काढायला घेतला.

निरोगी स्नायूत काय व्हायला हवं

शाळेतला धडा थोडा उजळून घेऊ. पेशीद्रव्यात ग्लुकोजचं विघटन होतं, त्यातून पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू बनतात आणि एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, २ रेणू पदरात पडतात. इथपर्यंत ऑक्सिजनची गरज नसते. पुढे ऑक्सिजन असेल तर पायरुव्हिक आम्ल तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रात (मायटोकॉन्ड्रियात), शिरतं. क्रेब चक्रात त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. सुटलेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने उतरत शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. एका ग्लुकोजमागे असे एकूण ३० ते ३२ एटीपी मिळतात. (जुन्या पुस्तकांत ३८ चा आकडा असायचा. त्यात मधली गळती धरलेली नव्हती.)

ऑक्सिजन कमी पडला, किंवा काम इतकं जोराचं असलं की तंतुकणिकांना उरक येईना, तर प्राण्यांच्या पेशी पायरुव्हिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात. या शेवटच्या पायरीतून एटीपी एकही मिळत नाही. तरी पेशी ती करते, कारण ग्लुकोजच्या विघटनात एनएडी नावाचा इलेक्ट्रॉनवाहक रिकामा मिळावा लागतो आणि लॅक्टिक आम्ल बनवताना तो रिकामा होतो. हे झालं नाही तर सगळे वाहक भरून जातील आणि ते तुटपुंजे २ एटीपीही मिळायचे बंद होतील. लॅक्टिक आम्ल म्हणजे टाकाऊ माल अशी आपली समजूत असते, पण ऑक्सिजनविना काम चालू राहतं ते याच पायरीमुळे.

आता धड्यात सहसा घाईने उरकलेली गोष्ट. जोराच्या कामात स्नायू रक्तातल्या ग्लुकोजवर विसंबत नाही. प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज जेमतेम ५ ग्रॅम असतं. स्नायूंमध्ये मात्र ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे एकमेकांना जोडून ठेवलेलं ग्लुकोज, साठवलेलं असतं. शिवाय ग्लायकोजेनमधून ग्लुकोजचा घटक सुटतो तो फॉस्फेट लावूनच, त्यामुळे सुरुवातीचा एका एटीपीचा खर्च वाचतो आणि २ ऐवजी ३ एटीपी मिळतात. पळताना, ओझं उचलताना, गडाच्या पायऱ्या चढताना पहिली मदार या साठ्यावर असते.

दंडाला पट्टा बांधून

मॅकआर्डल यांची मुख्य चाचणी साध्या साधनांची होती. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाभोवती गुंडाळून धमनीतला प्रवाह थांबेल इतका फुगवायचा आणि रुग्णाला मूठ आवळायला-सोडायला लावायची. हाताला नवा ऑक्सिजन मिळत नाही, नवं ग्लुकोज मिळत नाही. स्नायूला स्वतःच्या ग्लायकोजेनवर आणि विनॉक्सिश्वसनावर, म्हणजे ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्यावर, भागवावं लागतं. मग त्याच हाताच्या शिरेतलं रक्त घेऊन त्यातलं लॅक्टिक आम्ल मोजायचं. निरोगी माणसात ते विश्रांतीच्या तीन ते पाच पट चढतं.

या तरुणाच्या रक्तात ते चढलंच नाही, उलट किंचित उतरलं. पायरुव्हिक आम्लाचंही तेच. आणि हात मात्र आखडला.

आखडलेल्या स्नायूची विद्युत नोंद घेतली तर ती शांत होती. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा मज्जातंतू स्नायूला सारखे संदेश पाठवत असतात आणि नोंदीवर त्यांचा नुसता गदारोळ दिसतो. इथे संदेश नव्हते तरी स्नायू घट्ट होता. म्हणजे आकुंचन करा अशी आज्ञा नव्हतीच, सैल पडायलाच काहीतरी कमी पडत होतं. स्नायूला सैल पडायलाही एटीपी लागतं, हे आपण पटकन विसरतो. मृत्यूनंतर शरीर ताठतं त्याचं कारणही एटीपी संपणं हेच.

पुढचा तर्क मला या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो, कारण जनुकं किंवा विकरं (एन्झाइम) मोजायची साधनं हाताशी नसताना तो केला आहे. रुग्णाला अॅड्रेनालिन दिलं तेव्हा रक्तातली साखर नेहमीसारखी वाढली. म्हणजे यकृत आपलं ग्लायकोजेन व्यवस्थित फोडत होतं. लॅक्टिक आम्ल मात्र तेव्हाही वाढलं नाही. रुग्णाचं रक्त काढून नुसतं ठेवून दिलं तर त्यात लॅक्टिक आम्ल नेहमीच्या गतीने साचत होतं. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतातच, त्या जन्मभर केवळ विनॉक्सिश्वसनावर जगतात. तेव्हा ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्लापर्यंतची वाट त्याच्या रक्तात धड होती. ती सगळ्याच पेशींत मोडली असती तर तो तिशीपर्यंत पोचलाच नसता. दोष उरला तो स्नायूत.

स्नायूचं हे वागणं शरीरक्रियाशास्त्रात त्याआधी एकदा दिसलेलं होतं. केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ साली बेडकाच्या स्नायूंवर दाखवलं होतं की ऑक्सिजन नसताना काम करणाऱ्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं आणि ऑक्सिजन दिला की ते कमी होतं. त्या पायावर हिल आणि मायरहोफ यांनी काम केलं, त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं, आणि लॅक्टिक आम्लामुळेच स्नायू आकुंचन पावतो अशी कल्पना रूढ झाली. १९३० साली कोपनहेगनमध्ये आयनार लुंड्सगार्ड यांनी बेडकाला आयोडोॲसिटिक आम्लाचं विष दिलं. ते ग्लुकोज विघटनाची मधली पायरी बंद पाडतं. स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला, लॅक्टिक आम्लाचा मागमूस नसताना, आणि मग ताठ झाला. रूढ कल्पना तिथेच कोसळली. पुढे कळलं की तो थोडा वेळ क्रिएटिन फॉस्फेटच्या, म्हणजे एटीपी झटपट भरून देणाऱ्या स्नायूतल्या पदार्थाच्या, छोट्या साठ्यावर निघाला होता.

मॅकआर्डल यांना आपल्या रुग्णाचा हात त्या बेडकाच्या पायासारखा वागताना दिसला. या माणसात ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्लापर्यंतचं विघटन स्नायूपुरतं बंद आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नेमकी कोणती पायरी, हे सांगायला आणखी आठ वर्षं लागली. १९५९ साली अमेरिकेत मोमार्ट्स आणि त्यांचे सहकारी, तसंच श्मिड आणि माहलर, यांनी वेगवेगळ्या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासले. ग्लायकोजेन भरपूर, नेहमीपेक्षा जास्तच होतं, पण ते फोडणारं फॉस्फोरायलेज हे विकर नव्हतं. त्याच्या पुढच्या पायरीचा पदार्थ आयता दिला की लॅक्टिक आम्ल बनत होतं. कणगी शिगोशीग भरलेली, पण तिला तोंडच नाही, असा प्रकार. या विकराचा अभ्यास कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने आधीच केलेला होता आणि त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं होतं. ते काम झालेलं नसतं तर १९५९ च्या मंडळींना शोधायचं काय हेच कळलं नसतं.

ऑक्सिजन आहे, तरी कमी पडतो

इथे थांबलं तर प्रकरण एका वाक्यात संपतं : याला विनॉक्सिश्वसन जमत नाही, म्हणून जोराची कामं जमत नाहीत. पाठ्यपुस्तकात दोन रकाने आखलेले असतात, एक ऑक्सिजनसह आणि एक ऑक्सिजनविना. त्या हिशेबाने या माणसाचा एक रकाना कोरा आणि दुसरा शाबूत असायला हवा. तसं असतं तर तो पळू शकला नसता, पण सपाट रस्त्यावर संथ चालताना त्याला कसलीच अडचण आली नसती. प्रत्यक्षात या रुग्णांची पहिली तक्रार चालण्याचीच असते.

सायकलवर बसवून मोजमाप केलं की कारण दिसतं. मॅकआर्डल रुग्णाचं शरीर जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा निरोगी माणसाच्या साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली असतो. फुप्फुसं ऑक्सिजन घेतात. हृदय तर गरजेपेक्षा कितीतरी जोरात रक्त ढकलतं आणि हलक्या कामालाही ठोके धडाधडा वाढतात. पण स्नायूतून परतणाऱ्या रक्तात बराचसा ऑक्सिजन तसाच शिल्लक असतो. तो पोचवला गेला आणि वापरलाच गेला नाही, कारण तंतुकणिकेत त्याच्यासोबत जाळायला पायरुव्हिक आम्ल नव्हतं.

दोन रकाने दिसायला वेगळे असले तरी दोघांनाही पुरवठा एकाच साठ्यातून होतो. मध्यम ते जोराच्या कामात तंतुकणिकांचं मुख्य इंधन स्नायूतल्याच ग्लायकोजेनमधून आलेलं पायरुव्हिक आम्ल असतं. ग्लायकोजेन अडलं की ऑक्सिजनविना मिळणारी ऊर्जा तर जातेच, ऑक्सिजनसह मिळणारीही अर्ध्यावर येते. चरबी आहे, पण तिच्यातली मेदाम्लं रक्तात उतरून स्नायूपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तिच्यातून मिळणाऱ्या ऊर्जेचा वेग एका मर्यादेपुढे जात नाही. ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन यांची तुलना करा, असा पाच गुणांचा प्रश्न आपण इतकी वर्षं सोडवतो, पण दोन्ही एकाच दोरीवर टांगलेले आहेत हे त्या उत्तरात कधी येत नाही.

या आजारातली सर्वांत चमत्कारिक खूणही यातूनच उलगडते. रुग्ण सावकाश चालायला लागतो. पहिली काही मिनिटं हालत वाईट असते, पाय जड होतात, छाती धडधडते. तो वेग कमी करतो किंवा क्षणभर थांबतो, पण सोडून देत नाही. मग सहाव्या ते दहाव्या मिनिटाच्या आसपास काहीतरी बदलतं. त्याच वेगाला ठोके ठळकपणे उतरतात, पाय हलके होतात आणि पुढे बराच वेळ चालता येतं. याला 'दुसरा दम' म्हणता येईल. पिअर्सन, रायमर आणि मोमार्ट्स यांनी १९६१ मध्ये त्याचं वर्णन केलं. कारण असं की तोवर यकृतातून सुटलेलं ग्लुकोज आणि चरबीतली मेदाम्लं रक्तावाटे स्नायूत पोचलेली असतात. रक्तातून आलेल्या ग्लुकोजला फॉस्फोरायलेज लागत नाही, ते त्याच्या पुढच्या पायरीला जाऊन मिळतं. डॅलसचे रोनाल्ड हॅलर आणि कोपनहेगनचे जॉन व्हिसिंग यांनी २००२ मध्ये दाखवलं की दुसरा दम लागलेल्या रुग्णाला शिरेतून ग्लुकोज दिलं तर त्याची क्षमता आणखी एक पायरी वर चढते. इंधन वरून ओतलं आणि ऑक्सिजनचा वापर वाढला.

व्यायामशाळेतली समजूत

'पाय भरून आले, लॅक्टिक ॲसिड साचलंय.' जिममध्ये, मॅरेथॉनच्या तयारीत, कबड्डीच्या मैदानावर हे वाक्य सगळेच म्हणतात. शालेय पुस्तकांनीही त्याला हातभार लावला आहे. मग ज्याच्या स्नायूत लॅक्टिक आम्ल बनतच नाही त्याला श्रमाचं दुखणं माहीतच नसायला हवं. इथे तर सर्वांत जास्त दुखणं त्यालाच आहे.

१९८१ साली ऑक्सफर्डमध्ये रॉस, रॅडा आणि सहकाऱ्यांनी या आजाराचा संशय असलेल्या एका रुग्णाचा हात चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रात ठेवून, काम चालू असतानाच, स्नायूच्या आतली आम्लता मोजली. निरोगी स्नायूत ती वाढते. याच्या स्नायूत वाढली नाही. क्रिएटिन फॉस्फेट मात्र भराभर संपत होतं आणि त्यातून सुटणारा फॉस्फेट साचत होता. थकव्यात स्नायूचं बळ कमी होण्याला हा फॉस्फेट मोठा हातभार लावतो, असं आज मानलं जातं.

यावरून निरोगी माणसाच्या थकव्यात आम्लतेचा काहीच वाटा नाही असं सिद्ध होत नाही. ते म्हणणं घाईचं होईल. एवढंच ठरतं की थकायला आणि दुखायला लॅक्टिक आम्ल आवश्यक नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं त्याच्याशी तर त्याचा संबंध जोडूच नये. व्यायाम थांबल्यावर ते तास-दीड तासात रक्तातून उतरतं. त्यातलं काही हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात, काहीचं यकृत पुन्हा ग्लुकोज करतं.

निदान आणि रोजचं जगणं

पट्टा बांधून करायची चाचणी आता टाळतात. आखडलेला स्नायू खरोखर फाटू शकतो. त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं, लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडं निकामी होण्याची भीती असते. रक्तप्रवाह न अडवता मूठ आवळायला लावूनही तेवढंच कळतं, आणि लॅक्टिक आम्लासोबत अमोनियाही मोजतात. या रुग्णांत लॅक्टिक आम्ल सपाट राहतं आणि अमोनिया उसळतो. रुग्णाने मनापासून जोर लावला होता याचा पुरावा त्यातच मिळतो. 'ढोंग करतोय' म्हणणाऱ्यांसाठी तो आकडा पुरेसा आहे. पक्कं निदान आता जनुकतपासणीने होतं. स्नायूतलं फॉस्फोरायलेज बनवणारं पीवायजीएम हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर असतं. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. मामेबहीण किंवा आतेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत अशा आजारांची शक्यता वाढते, म्हणून तिथे कुटुंबाचा इतिहास जरा खोदून विचारायला हवा. हा दोष माणसापुरता नाही. शॅरोले जातीच्या गाईगुरांत आणि ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांतही तो सापडला आहे.

विकर परत आणणारं औषध नाही. जे करता येतं ते सगळं वरच्या हिशेबातून निघतं. एकदम जोर लावायची कामं, म्हणजे गाडी ढकलणं, भरलेलं पिंप उचलणं, उकिडवं बसून राहणं, टाळायची, कारण ताणलेल्या स्नायूत रक्तही नीट शिरत नाही. चालायचं असेल तर सुरुवातीची आठ-दहा मिनिटं मुद्दाम संथ ठेवायची. व्हिसिंग आणि हॅलर यांनी २००३ मध्ये रुग्णांना व्यायामाआधी ७५ ग्रॅम साखरेचं पेय दिलं, तेव्हा सुरुवातीची ती जीवघेणी मिनिटं जवळजवळ नाहीशी झाली. रोज इतकी साखर पिणं मात्र वजनाला आणि मधुमेहाला आमंत्रण. पुढे त्याच गटाने कमी साखर, व्यायामाच्या अगदी तोंडावर, असा मार्ग काढला.

हा उपाय चुकीच्या माणसाला दिला तर मात्र उलटतो. १९६५ मध्ये जपानचे सेइचिरो तारुइ यांनी जवळच्याच एका आजाराचं वर्णन केलं. त्यात फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे पुढच्या पायरीवरचं विकर नसतं. मुठीच्या चाचणीत लॅक्टिक आम्ल तसंच सपाट. पण इथे अडथळा पुढे असल्याने रक्तातलं ग्लुकोजही वापरता येत नाही, सगळी भिस्त मेदाम्लांवर. साखर घेतली की इन्शुलिन वाढतं, मेदाम्लं रक्तात उतरायची थांबतात आणि रुग्णाची उरलीसुरली ताकदही जाते. लॅक्टिक आम्लाचा आकडा दोघांत सारखाच, म्हणून साखरेचा सल्ला देण्याआधी कोणती पायरी अडली आहे हे ठरवावंच लागतं.

बरीच वर्षं या रुग्णांना व्यायाम टाळा असंच सांगितलं जाई. २००६ मध्ये हॅलर आणि सहकाऱ्यांनी ८ रुग्णांना १४ आठवडे, झेपेल इतक्याच वेगाने, नियमित सायकल चालवायला लावली. त्यांची काम करण्याची क्षमता सुमारे एक तृतीयांशाने वाढली आणि स्नायूतल्या तंतुकणिकांची विकरंही वाढली. ग्लायकोजेन होतं तिथेच अडकलेलं राहिलं. रक्तातून येणारं ग्लुकोज आणि मेदाम्लं यांचा उपयोग करून घ्यायला मात्र स्नायू आधीपेक्षा सरावला.